देवरुखच्या दोघी बहिणी : पुनर्विवाह, आश्रम आणि आत्मकथन

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात स्त्रियांच्या प्रश्नावर पुरुष सुधारक बोलू लागले त्याच सुमारास काही स्त्रियाही लिहू लागल्या होत्या, आणि या लेखनाचा आरंभ गद्याने नव्हे तर पद्याने झाला होता. सावित्रीबाई फुले यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८८२ साली ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध आणि पंडिता रमाबाईंचा ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ आला. कविता, निबंध, उपदेशपर ग्रंथ अशा पायऱ्यांनी स्त्रीचे लेखन पुढे जात असताना स्वतःचे आयुष्य हाच लेखनाचा विषय करण्याचे धाडस मात्र बरेच उशिरा आले. ते ज्या स्त्रियांनी केले त्यांत रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यातील देवरुख गावच्या दोन सख्ख्या बहिणी आहेत. थोरल्या गोदूबाई ऊर्फ आनंदीबाई कर्वे या ‘बाया कर्वे’ म्हणून ओळखल्या गेल्या आणि धाकट्या पार्वतीबाई आठवले या हिंगण्याच्या अनाथ बालिकाश्रमाच्या आधारस्तंभ ठरल्या. दोघी एकाच घरात वाढल्या आणि दोघींवरही वैधव्य आले. परंतु एकीने पुनर्विवाह केला आणि दुसरीने तो नाकारला. विधवांच्या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेली दोन उत्तरे अशा रीतीने एकाच माजघरातून निघाली, आणि त्या दोन उत्तरांचे एकमेकींशी असलेले अवघडलेले नाते समजून घेतल्याखेरीज या चळवळीचा इतिहास पुरता उलगडत नाही.

कोकणातील घर आणि वैधव्याची रीत

संगमेश्वर हे शास्त्री नदीच्या काठचे प्राचीन गाव. तालुक्याचा कारभार मात्र देवरुखाहून चालतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या मुलखात भातशेती आणि थोडीफार आगरे हीच उपजीविकेची साधने होती, आणि खोतीच्या पद्धतीत, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणाऱ्या मध्यस्थाच्या अमलाखाली, जमिनीच्या उत्पन्नाचे अनेक वाटेकरी असत. त्यामुळे भिक्षुकी, लहानसहान नोकरी आणि जिल्ह्याबाहेर जाऊन मिळवलेले शिक्षण यांवर ब्राह्मण कुटुंबांची भिस्त वाढत गेली. घाट चढून कोल्हापूरकडे किंवा खाडीने जयगडापर्यंत जाऊन तेथून जहाजाने मुंबईला, अशा वाटांनी देवरुखची मुले बाहेर पडत. घरातील एखादा मुलगा मुंबईस शिकावयास जाणे ही त्या काळात आर्थिक निकड होती. तिच्यामुळे घरातील मुलींच्या आयुष्यालाही वेगळे वळण लागू शकते, हे जोशी कुटुंबाच्या बाबतीत पुढे दिसून आले.

बाळकृष्ण केशव जोशी यांच्या या घरात मुलींची लग्ने रिवाजाप्रमाणे लहानपणीच झाली. गोदूबाईंचा विवाह वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास नातू घराण्यात झाला आणि अवघ्या काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. धाकट्या बहिणीचा जन्म १८७० सालचा. पायाने अधू असलेल्या महादेव नारायण आठवले यांच्याशी तिचे लग्न झाले आणि विशीतच, पदरी एक लहान मुलगा असताना, तीही विधवा झाली. एकीला संसार म्हणजे काय हे कळण्यापूर्वी वैधव्य आले, तर दुसरीला ते संसार केल्यानंतर आले. दोघींच्या पुढील निर्णयांत जो फरक पडला त्याचे एक मूळ या भेदात शोधता येते.

त्या काळी ब्राह्मण विधवेचे आयुष्य अनेक नियमांनी बांधलेले असे. केशवपन, म्हणजे न्हाव्याकडून ठराविक दिवसांनी डोक्याचे मुंडन करवून घेणे, ही त्यातील सर्वांत दृश्य खूण होती. लाल रंगाचे साधे लुगडे, ज्याला आलवण म्हणत, तेवढेच नेसावयाचे, दिवसातून एकदाच जेवावयाचे, मंगलकार्यात समोर यावयाचे नाही आणि घरातील कष्टाची कामे मात्र पहाटेपासून उपसावयाची, असा हा क्रम होता. बालविधवेचे मुंडन पुष्कळदा ती वयात येईपर्यंत लांबवले जाई, त्यामुळे आपल्यावर नेमके काय ओढवले आहे हे तिला लग्नानंतर कित्येक वर्षांनी, एका ठराविक दिवशी, समजत असे. या रूढीविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत पुस्तकी सुधारकच होते असे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे मुंडन न करण्याचा निश्चय जाहीर केला, आणि ज्यांच्या वस्तऱ्यावाचून ही रूढी चालूच शकत नव्हती त्यांनीच तिच्यावर बहिष्कार घातला.

कायदा होता, वाट नव्हती

विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. तथापि कायद्याने दिलेली परवानगी आणि समाजाने दिलेली मोकळीक यांत मोठे अंतर होते. पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मिळकतीवरील आणि पोटगीवरील हक्क याच कायद्याने संपुष्टात आणल्यामुळे दुसरे लग्न म्हणजे पहिल्या घराचा शेवटचा आधारही सोडणे असा त्याचा व्यवहारात अर्थ होत असे. अनेक जातींमध्ये पाट लावण्याची, म्हणजे विधवेने पुन्हा घर करण्याची, रीत पूर्वीपासून चालत आलेली होती, म्हणून हा प्रश्न मुख्यतः उच्चवर्णीयांचा होता. पण त्या वर्णांच्या हाती विद्या आणि छापखाने असल्यामुळे त्यावरचा वाद साऱ्या महाराष्ट्रात गाजला. विष्णुशास्त्री पंडित यांच्या खटपटीने १८६९ साली मुंबईत एक गाजलेला पुनर्विवाह घडून आला, आणि त्यापाठोपाठ बहिष्कार, शंकराचार्यांपुढील वाद व प्रायश्चित्ताच्या मागण्या यांचे पर्व सुरू झाले. त्याआधी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांच्या दुःखाचा जो भाग बोलण्यास कोणी धजत नव्हते त्यालाच हात घातला होता.

गोदूबाईंना बाहेर पडण्याची संधी मिळाली ती भाऊ नरहरपंत यांच्यामुळे. शिक्षणासाठी मुंबईस गेलेले नरहरपंत आणि मुरुडचे धोंडो केशव कर्वे यांची मैत्री होती, आणि बिऱ्हाडाची व्यवस्था पाहण्यासाठी नरहरपंतांनी आपल्या विधवा बहिणीला मुंबईस आणले. स्वयंपाकासाठी आलेल्या बहिणीला शिकवावे, हा विचार त्या काळात सहज सुचणारा नव्हता. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी चौपाटीवर ‘शारदा सदन’ ही उच्चवर्णीय विधवांसाठीची शाळा व वसतिगृह सुरू केले तेव्हा तेथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई होत्या. लिहिणे-वाचणे त्या तेथे शिकल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, घरातील कामावाचूनही विधवेच्या दिवसाला काही प्रयोजन असू शकते हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले. सदन १८९० च्या अखेरीस पुण्यास हलले तेव्हा गोदूबाईही पुण्यास आल्या.

दरम्यान कर्वे यांच्या पत्नी राधाबाई १८९१ साली निवर्तल्या आणि त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक म्हणून पुण्यास आले. पुन्हा लग्न करावयाचे तर विधवेशीच, असा त्यांचा निर्धार होता. गोदूबाईंच्या वडिलांनी आणि भावाने या विवाहास संमती दिली ही गोष्ट बहुधा एखाद्या ओळीत सांगून सोडून दिली जाते, परंतु देवरुखसारख्या गावात राहणाऱ्या वृद्ध ब्राह्मण गृहस्थाला मुलीच्या पुनर्विवाहास होकार देण्याची जी किंमत मोजावी लागे ती पुण्यातील प्राध्यापकाच्या किमतीपेक्षा कमी नव्हती. हा विवाह ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे शारदा सदनाच्या स्थापनेला बरोबर चार वर्षे होत असताना, पुण्यात झाला आणि गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. कर्वे यांच्या मुरुड गावाने सभा भरवून त्यांच्याशी संबंध ठेवणाऱ्यांवर बहिष्काराचा ठराव केला. त्यामुळे नवदांपत्य गावी गेले तरी आईच्या पंक्तीस बसण्याची सोय उरली नाही.

विवाहाकडून आश्रमाकडे

विवाहाच्या वर्षअखेरीस, डिसेंबर १८९३ मध्ये, कर्वे यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. नावातील ‘उत्तेजक’ हा शब्द सनातन्यांना झोंबणारा होता, आणि दोनच वर्षांत संस्थेचे नाव ‘विधवाविवाह प्रतिबंध निवारक मंडळी’ असे बदलण्यात आले. आम्ही विवाहास उत्तेजन देत नाही, केवळ त्याच्या वाटेतील अडथळे दूर करतो, असा त्याचा भाव होता. यातूनच पुढील धोरणाची दिशा दिसते. विवाह हा एका वेळी एकाच स्त्रीचा प्रश्न सोडवतो, त्यासाठी वर मिळावा लागतो आणि समाजाचा रोष ओढवतो. शिक्षण मात्र अनेकींना देता येते, आणि त्यासाठी जुन्या वळणाच्या लोकांकडूनही वर्गणी मिळू शकते, असा हा हिशेब होता. त्यातच १८९३ च्या ऑगस्टमध्ये शारदा सदनातील मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते या आक्षेपावरून न्या. रानडे, डॉ. भांडारकर आदी सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि हिंदू कुटुंबांनी आपल्या विधवा मुली निःशंकपणे पाठवाव्यात अशी शाळा पुण्यात उरली नाही.

ही पोकळी भरून काढण्यासाठी १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली आणि कर्वे यांनी आपली एक हजार रुपयांची सारी शिल्लक तिला दिली. पुण्यात प्लेगची साथ पसरल्यावर आश्रम शहराबाहेर नेणे भाग पडले. रावबहादुर गोखले यांनी हिंगणे येथे दिलेल्या सहा एकर जागेवर १९०० साली एक झोपडी उभी राहिली आणि मूठभर विधवा मुलींसह काम सुरू झाले. महाविद्यालयाचे तास आटोपून कर्वे शहरातून लागणारे सामान बरोबर घेत आणि पावसाळ्यात चिखल तुडवीत पायीच हिंगण्यास जात.

आश्रमाच्या या प्रारंभकाळात आनंदीबाईंचे स्थान विलक्षण अवघड होते. ज्या स्त्रीच्या आयुष्यातून या कामाची निकड सिद्ध झाली होती, तिला त्या कामापासून दूर ठेवावे लागत होते. कारण पुनर्विवाहितेचा वावर आश्रमात दिसला तर येथे मुलींची लग्ने लावून देतात असा बोभाटा होईल, पालक मुली पाठवणार नाहीत आणि वर्गणीदार हात आखडता घेतील, अशी भीती होती. आनंदीबाई शहरातील बिऱ्हाड सांभाळीत राहिल्या. आला-गेला, आश्रित विद्यार्थी, सावत्र मुलगा रघुनाथ आणि स्वतःची शंकर, दिनकर व भास्कर ही मुले, असा तो मोठा संसार होता. आणि पती आपली मिळकत संस्थेच्या पायी घालीत असताना घरखर्चाची तोंडमिळवणी त्यांनाच करावी लागे. नागपुरात सुईणीच्या कामाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले त्यामागे सेवेच्या इच्छेबरोबर हातात स्वतःचे चार पैसे असावेत ही जाणीवही होती. आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे कामही त्या आपल्या परीने करीत राहिल्या.

पार्वतीबाईंनी निवडलेली वाट

आश्रमात जी जागा आनंदीबाईंना घेता येत नव्हती ती त्यांच्या धाकट्या बहिणीने घेतली. पार्वतीबाई पुण्यास बहिणीकडे आल्या तेव्हा त्यांनाही पुनर्विवाहाविषयी विचारण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि मुलाचे संगोपन, शिक्षण व विधवांची सेवा हेच आपले कार्य मानले. हा नकार भीतीपोटी दिलेला नव्हता. विवाहाचे पावित्र्य आणि पातिव्रत्य यांविषयी त्यांच्या धारणा जुन्या वळणाच्या होत्या आणि त्या त्यांनी कधी लपवल्या नाहीत. स्त्रीशिक्षणाचा मुख्य हेतू तिला उत्तम गृहिणी व माता करणे हा असावा, असेही त्या मांडीत राहिल्या. पोक्त वयात अक्षरओळखीपासून पुढे जात त्या शिकल्या, आश्रमाची देखरेख त्यांच्याकडे आली आणि पुढे आश्रमासाठी निधी जमवीत त्या गावोगाव हिंडल्या.

आलवण नेसलेली, मुंडन केलेली विधवा सभेत उभी राहून विधवांच्या शिक्षणासाठी बोलते, हे दृश्य तत्कालीन श्रोत्यांना बुचकळ्यात टाकणारे होते. कारण ज्या खुणांमुळे स्त्रीने माजघराबाहेर पडू नये अशी अपेक्षा असे, त्याच खुणांमुळे सनातनी घरांची दारे या वक्त्रीसाठी उघडत होती. कर्वे यांच्या धोरणाला हवा असलेला विश्वास पार्वतीबाईंच्या वेषाने मिळवून दिला, असे म्हणता येईल. परंतु हा वेष त्यांनी कायमचा मानला नाही. आश्रमाच्या कामात कित्येक वर्षे घालवल्यानंतर त्यांनी केशवपन सोडून दिले आणि त्याबद्दल झालेली टीका सोसली. हा निर्णय चाळिशी उलटलेल्या, लोकांत मान असलेल्या स्त्रीने विचारपूर्वक घेतलेला असल्यामुळे त्याचे मोल तरुण सुधारकाच्या बंडाहून वेगळे आहे.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसी पर्व यानंतर आले. इंग्रजी येत नसल्यामुळे महाराष्ट्राबाहेर काम करताना अडचण पडते, हे ध्यानात आल्यावर त्या भाषेच्या अभ्यासासाठी आणि जमल्यास निधी मिळवण्यासाठी त्या १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी लोकांच्या घरी घरकाम करून गुजारा केला, भाषा शिकून घेतली, आश्रमाची माहिती लोकांना सांगितली आणि १९२० साली त्या परत आल्या. स्वतः शिजवणे आणि घर आवरणे हेच देवरुखातील विधवेचे आयुष्य होते. तेच काम परमुलखात मोल घेऊन केल्यावर स्वावलंबनाचे साधन ठरले. श्रमाकडे पाहण्याची अमेरिकन समाजाची दृष्टी त्यांना भावली, मात्र तेथील कौटुंबिक जीवनाविषयी त्यांनी आपली नापसंतीही राखून ठेवली.

या दरम्यान हिंगण्याचे काम विस्तारले होते. १९०७ साली महिला विद्यालय निघाले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून कर्वे यांनी १९१५ च्या अखेरीस सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून स्वतंत्र स्त्री विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरू झाले. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केल्यावर त्यास त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. आज एस. एन. डी. टी. म्हणून सर्वांना ठाऊक असलेल्या या विद्यापीठाच्या पायात हिंगण्याची ती झोपडी आहे.

दोन आत्मचरित्रे

पार्वतीबाईंचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. मराठी संतकवींना इंग्रजीत नेणारे जस्टिन अ‍ॅबट यांनी त्याचा अनुवाद केला आणि तो १९३० साली प्रसिद्ध झाला. आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ हे कावेरी कर्वे यांनी संपादित केलेले आत्मकथन १९४४ साली आले, आणि आनंदीबाईंचेच चिरंजीव दि. धों. कर्वे यांनी महाराष्ट्रीय कुटुंबांच्या आत्मकथनांचा जो इंग्रजी संग्रह १९६३ साली प्रसिद्ध केला त्यात आईच्या कथनाला स्थान दिले. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणी पतीच्या जीवनाभोवती गुंफलेल्या आहेत. या दोन बहिणींच्या लेखनाच्या केंद्रस्थानी मात्र त्यांचे स्वतःचेच आयुष्य आहे.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली की त्यांचे परस्परपूरक स्वरूप ध्यानात येते. पार्वतीबाईंची कहाणी ही एका कार्यकर्तीने आपल्या मतांची केलेली मांडणी आहे. प्रसंग सांगता सांगता त्या शिक्षण, विवाह आणि पोशाख यांवर आपला अभिप्राय देतात. आनंदीबाईंचे पुराण घरगुती, रोखठोक बोलीत पुढे सरकते आणि थोर पुरुषाच्या घरात पैशाची ओढाताण कशी होती, सार्वजनिक कार्याचा बोजा घरातल्या बाईवर कसा पडत असे आणि आपल्याच पतीच्या संस्थेत आपणास परकेपणा कसा भोगावा लागला, हे आडपडदा न ठेवता सांगते. कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’त जो त्याग म्हणून दिसतो तोच येथे घरखर्चाच्या बाजूने दिसतो. त्यामुळे या पुस्तकाने कर्वे यांची थोरवी उणी होत नाही, पण तिची किंमत कोणी किती चुकवली याचा हिशेब मात्र पुरा होतो.

वारसा

आनंदीबाई १९५० साली आणि पार्वतीबाई १९५५ साली निवर्तल्या. दोघींच्या आयुष्यात पुनर्विवाह समाजमान्य होऊ लागला, केशवपन जवळजवळ नाहीसे झाले आणि विधवांसाठी काढलेल्या आश्रमाचे रूपांतर सर्व मुलींसाठीच्या शिक्षणसंस्थेत झाले. याच काळात त्यांच्या माहेरगावी, देवरुखात, इंदिराबाई हळबे या आणखी एका विधवेने परिचारिकेचे शिक्षण घेऊन १९५४ साली दोन खाटांचे प्रसूतिगृह सुरू केले आणि त्यातून ‘मातृमंदिर’ ही संस्था वाढली. ‘मावशी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंदिराबाईंचे काम स्वतंत्र होते. तरीही शिक्षण आणि हातातील कौशल्य यांच्या बळावर विधवेने पुण्या-मुंबईस न जाता तालुक्याच्या गावीच संस्था उभारावी, ही गोष्ट साठ वर्षांत किती अंतर कापले गेले होते हे सांगते.

या इतिहासाचा नेहमीचा आराखडा एका महापुरुषाभोवती आखला जातो आणि त्यात दोन बहिणी पत्नी व मेहुणी म्हणून येतात. त्यांच्या लेखनाच्या आधारे पाहिले तर वेगळा क्रम दिसतो. पुनर्विवाहाने प्रश्न उघड्यावर आणला, पण त्याच उघडेपणामुळे तो मोजक्या घरांपुरता राहिला. आश्रमाने शेकडो मुलींना वाट दिली, पण ती देता यावी म्हणून पुनर्विवाहितेला उंबऱ्याबाहेर ठेवले. तडजोडीवाचून संस्था वाढली नसती हे खरे, आणि त्या तडजोडीचा भार बंड करणाऱ्या बहिणीच्या वाट्याला आला हेही तितकेच खरे. संस्थांचे अहवाल यांपैकी पहिलीच गोष्ट नोंदवतात. दुसरी कळते ती देवरुखच्या थोरल्या लेकीने उतारवयात आपले पुराण सांगितले म्हणून.